शाळेत मीटर आहे, दवाखान्यात मीटर आहे, लाईट मात्र नाही. पैसे नेमके कशात घालायचे?

कोरी_पाटी

नमस्कार मंडळी. आम्ही सात-आठ मित्रांनी मिळून थोडे पैसे जमवलेत, खेड्यातल्या एका शाळेला आणि तिथल्याच छोट्या दवाखान्याला काहीतरी टिकाऊ द्यायचं म्हणून. काय द्यायचं यावरून ग्रुपमध्ये रोज भांडण चालू आहे. अर्धे म्हणतात शाळेला मोठा स्मार्ट टीव्ही आणि टॅब द्या, दवाखान्याला एखादं मशीन द्या, फोटो काढा, विषय संपला. आम्ही बाकीचे म्हणतो अरे आधी तिथली लाईट तर बघा. कागदावर दोन्हीकडे वीज "पोचलेली" आहे, मीटर आहे, बिलही येतं. पण आम्ही गेलो त्या दिवशी सकाळीच गेलेली लाईट आम्ही संध्याकाळी निघेपर्यंत आली नव्हती आणि तिथं कोणाला त्याचं काही वाटतही नव्हतं, म्हणजे रोजचंच असणार.

तर प्रश्न असा, की भरवशाची वीज आली की शाळा आणि दवाखान्यात खरंच फरक पडतो का, की हे आपलं शहरात बसून वाटतं? शाळा तर दिवसा भरते, सूर्यप्रकाश फुकट आहे, असं आमच्यातलाच एकजण म्हणतो. आणि फरक पडत असेल तर सोलर, इन्व्हर्टर, जनरेटर यातलं काय? ज्यांनी प्रत्यक्ष तिथं काम केलंय त्यांनी सांगा प्लीज, गुगल आम्हालाही येतं.

रात्रपाळी

मी सिस्टर आहे, बरीच वर्षं लहान दवाखान्यांत काढलीत, त्यामुळे शाळेचं शाळेतले लोक सांगतील, मी दवाखान्याचं सांगते.

अडलेली बाई घड्याळ बघून येत नाही. रात्री अडीचला कळा सुरू, लाईट नाही, इन्व्हर्टर आहे पण त्याची बॅटरी कधीच मेलेली. मग काय, सोबत आलेल्या सासूच्या नाहीतर जावेच्या हातात मोबाईलचा टॉर्च द्यायचा. ती रक्त बघून तोंड फिरवते आणि तिच्याबरोबर उजेडही भिंतीवर जातो. टाका घालताना मी "इकडे धरा, इकडे धरा" ओरडत असते. ज्यांनी हे केलं नाही त्यांना वाटतं बल्ब म्हणजे सोय. अहो सोय नाही, बाळंतपणानंतर किती रक्त जातंय हे डोळ्यांनी बघून ठरवायचं असतं आणि टॉर्चच्या उजेडात लाल चादर आणि भिजलेली चादर यातला फरक कळत नाही. बाळ रडलं नाही तर तोंडावर धरून श्वास द्यायची अंबू बॅग हाताने दाबता येते, तिला वीज लागत नाही, पण बाळाचा रंग निळा आहे की गुलाबी होत चाललाय हे दिसायला तर पाहिजे? आणि बाळाला ऊब देणारा वॉर्मर बंद म्हणजे ओलं बाळ पटकन थंड पडतं, मग आईच्या छातीला लावून वरून गुंडाळायचं. ते चांगलंच आहे आणि वीज असली तरी करावंच, पण ज्या बाळाला उघडं ठेवून काम करावं लागतं तिथं ते चालत नाही.

दुसरं लसी. लस २ ते ८ अंशात ठेवायची हे सगळ्यांना पाठ असतं, पण लोकांना वाटतं धोका फक्त गरम होण्याचा. खरी गंमत उलटी आहे. लाईट बराच वेळ गेली, आली, की कोणीतरी घाबरून साध्या फ्रीजचा डायल फुल्ल करतं आणि रात्रीत धनुर्वाताची, कावीळ बी ची लस गोठते. गोठली की गेली. बाटलीवरचा तो रंग बदलणारा चौकोन असतो ना, तो फक्त गरमी दाखवतो, गोठलेलं दाखवत नाही. म्हणजे बाटली दिसायला एकदम ठीक, आणि बाळाला टोचतोय ते जवळपास पाणी. आणि फ्रीजमध्ये फक्त लसी नसतात बरं का, बाळंतपणानंतर रक्तस्राव थांबवायचं ऑक्सिटोसिनचं इंजेक्शनही त्याच थंडाव्यात लागतं. उन्हाळ्यात दोन महिने तापलेलं इंजेक्शन ऐनवेळी कमी पडलं तर दोष कोणाला देणार?

तिसरं, ज्याचा कोणी विचारच करत नाही ते म्हणजे पाणी. मोटर चालली नाही की टाकी रिकामी, टाकी रिकामी की हात धुणं बंद, लेबर रूम धुणं बंद, संडास बंद. अवजारं वाफेने निर्जंतुक करायच्या ऑटोक्लेव्हला १२१ अंशावर वीस मिनिटं तरी सलग लागतात, पंधराव्या मिनिटाला लाईट गेली की सगळं पहिल्यापासून. तिसऱ्यांदा असं झालं की माणूस काय करतो ते मी इथं लिहीत नाही, समजून घ्या.

आणि याचा शेवट असा होतो की लोक रात्री यायचंच बंद करतात. "तिथं काय, अंधार असतो" एवढं एकदा गावात पसरलं की पेशंट थेट लांबच्या मोठ्या हॉस्पिटलकडे निघतो, आणि काही वाटेतच राहतात.

आकडेमोड्या

सिस्टर ताईंनी जे सांगितलं त्याला थोडे आकडे जोडतो, कारण ग्रुपमध्ये भांडताना कामाला येतील. २०२३ च्या जानेवारीत जागतिक आरोग्य संघटना, जागतिक बँक आणि आणखी दोन संस्थांनी मिळून एक अहवाल काढला. त्यात गरीब आणि निम्न-मध्यम उत्पन्नाच्या देशांतले जवळपास १०० कोटी लोक अशा दवाखान्यांवर अवलंबून आहेत जिथं वीज एकतर नाहीच किंवा भरवशाची नाही, असं म्हटलंय. सहाराच्या दक्षिणेकडच्या आफ्रिकेत साधारण १५ टक्के आणि दक्षिण आशियात १२ टक्के आरोग्य केंद्रांत वीजच नाही. आणि त्या आफ्रिकेतल्या हॉस्पिटलांपैकी निम्म्यांकडेच भरवशाची वीज. हॉस्पिटल म्हणतोय मी, खोपट नाही. शाळांचं म्हणाल तर युनेस्कोच्या २०२३ च्या अहवालात जगातल्या चारपैकी एका प्राथमिक शाळेत वीज नाही.

पण यात एक मेख आहे आणि ती तुमच्या प्रश्नाच्या मुळाशीच आहे. "वीज आहे का?" या प्रश्नाला हो-नाही उत्तर दिलं की रोज दोन तास मिळणारा आणि चोवीस तास मिळणारा एकाच रकान्यात बसतो. म्हणून २०१५ ला जागतिक बँकेच्या लोकांनी शून्य ते पाच अशा पायऱ्या मांडल्या. किती वॅट मिळते, दिवसाचे किती तास, संध्याकाळी किती, किती वेळा जाते, व्होल्टेज नीट आहे का, परवडते का, असं सगळं बघून पायरी ठरते. तुमची शाळा कागदावर "हो" आहे आणि या शिडीवर बहुतेक पहिल्या दुसऱ्या पायरीवर.

फरक पडतो का, तर पडतो, पण डोळे मिटून मान्य करू नका. छत्तीसगडमध्ये २०१७ साली एक अभ्यास आला होता, सोलर बसवलेल्या प्राथमिक आरोग्य केंद्रांत महिन्याला होणारी बाळंतपणं सोलर नसलेल्यांच्या जवळपास दुप्पट दिसली. भारी वाटतं. पण कदाचित जी केंद्रं आधीच बरी चालत होती तिथंच सोलर आधी बसलं असेल, हा प्रश्न विचारायलाच हवा. त्यापेक्षा युगांडातला मला जास्त पटतो, तिथं ३० दवाखान्यांत टप्प्याटप्प्याने, क्रम चिठ्ठ्या टाकून ठरवावा तसा ठरवून सोलरचे दिवे बसवले आणि माणसं प्रसूतीच्या खोलीत बसून बघत होती. उजेड वाढला, उशीर कमी झाला, कामाचा दर्जा सुधारला, पण थोडासाच. बल्ब लावला म्हणून न शिकलेलं कौशल्य येत नाही.

आणि शाळावाल्यांसाठी कडू गोळी, केनियात खेड्यांतल्या घरांना वीज जोडून नंतर दीडेक-दोन वर्षांनी मोजलं तर मुलांच्या मार्कांत सांगण्यासारखा फरक नव्हता. ते घरांचं होतं, शाळेचं नाही, हे लक्षात ठेवा, पण लाईट आली की मार्क वाढले असं कोणी छातीठोकपणे सांगायला लागलं तर दोन प्रश्न विचारा.

जुना_मास्तर

आकडेमोड्या, मार्कांवरून शाळा मोजणार असाल तर बोलणंच खुंटलं :)

कोरी पाटी, तुमचा तो मित्र म्हणतो सूर्यप्रकाश फुकट आहे, त्याला पावसाळ्यात एकदा वर्गात बसवा. खिडक्या बंद केल्या तर अंधार, उघड्या ठेवल्या तर पाऊस आत. मागच्या बाकावरच्या पोरांना फळा दिसत नाही म्हणून ती बोलतात, बोलतात म्हणून ओरडा खातात, आणि त्यातल्या दोघांचे डोळे मुळातच कमजोर असतात हे कोणाच्या लक्षातही येत नाही. उन्हाळ्यात पत्र्याखाली पंखा नसला की दुपारच्या जेवणानंतर शिकवणं म्हणजे झोपलेल्यांना गोष्ट सांगणं.

तरी मी म्हणेन उजेड-पंखा हे दुय्यम. खरी गोष्ट वेगळी आहे. एका शाळेत आम्हाला दहा कॉम्प्युटर मिळाले होते, कोणी दिले ते जाऊ द्या. उद्घाटन झालं, नारळ फुटला. पहिला महिना मी उत्साहाने तास लावले. सोमवारी लाईट गेली, बुधवारी गेली, पुढच्या सोमवारी होती पण इतकी डाऊन की मॉनिटर मिणमिणत होता. पोरं रांग लावून येतात, बंद पडद्यासमोर बसतात आणि परत जातात. असं चार वेळा झालं की मास्तर काय करतो? तो वेळापत्रकातून तो तास काढून टाकतो. मग लाईट असली तरी खोली बंदच राहते, कारण आता त्या वेळेत गणित आहे. वर्षाने बघाल तर सगळ्यावर कापड, कापडावर धूळ, आणि आतमध्ये उंदरांनी वायरी खाल्लेल्या. म्हणजे वीज अर्धा वेळ असली तर उपयोग अर्धा होतो असं नाही हो, उपयोग शून्य होतो. ज्यावर भरवसा नाही त्याभोवती कोणी पाठ आखत नाही.

टीव्ही देऊ नका असं म्हणत नाही. पण लाईटच्या आधी टीव्ही दिलात तर कापड पण बरोबर द्या.

लाईट टिकली की काय होतं तेही सांगतो, नाहीतर म्हणाल म्हातारा रडतोच आहे. दुसऱ्या एका शाळेत सोलर बसलं, मोठं काही नाही, आठ-दहा बल्ब, सहा पंखे, पाण्याची छोटी मोटर, एक प्रिंटर. तर पहिला बदल कुठं दिसला असेल? मुलींच्या हजेरीत. टाकीत पाणी राहायला लागलं, संडास वापरण्याजोगा राहिला, सातवी-आठवीच्या मुली महिन्याचे ते चार दिवस घरी राहायच्या त्यातल्या बऱ्याच यायला लागल्या. हे माझं डोळ्यांनी बघितलेलं, अभ्यास वगैरे नाही, आकडेमोड्यांनी लगेच अंगावर येऊ नये. दुसरं, संध्याकाळी दोन तास वर्ग उघडा ठेवायला लागलो, दहावीची पोरं घरी चिमणीच्या धुरात बसण्यापेक्षा तिथं बसायची. तिसरं म्हणजे प्रश्नपत्रिका फळ्यावर लिहून देण्यात पाऊण तास जायचा तो वाचला. असल्या बारीक गोष्टी कुठल्या अहवालात येत नाहीत.

आकडेमोड्या

मास्तर, अंगावर येत नाही, उलट पाण्याचा मुद्दा सिस्टर ताईंनी पण सांगितला आणि तुम्ही पण, हे मला भारी वाटलं. दोघं वेगळ्या इमारतीत आणि दोघांचा पहिला फायदा मोटरचा.

वायरमन_नाना

सगळे फायदे सांगून झाले, आता काम कसं फसतं ते ऐका, कारण मी बसवायला कमी आणि मेलेलं बघायला जास्त गेलोय. उद्घाटनाची भाषणं करून बसवलेलं सोलर दोन-तीन वर्षांत बंद, हे इतक्या वेळा बघितलंय की छतावर पॅनल दिसलं की आधी खाली बॅटरीचं पाणी बघतो. पॅनल मरत नाही, ते वीस-पंचवीस वर्षं जातं. मरते बॅटरी. लेड ॲसिडची बॅटरी नीट सांभाळली तर तीन ते पाच वर्षं, डिस्टिल्ड वॉटर टाकलं नाही आणि रोज पार रिकामी केली तर त्याच्या निम्मी सुद्धा नाही. आणि नवी घ्यायला पैसे कोणाकडे नसतात कारण देणाऱ्याने फक्त पहिल्या दिवसाचा विचार केलेला असतो. लिथियम फॉस्फेटवाली महाग पण बरीच जास्त टिकते, पाणी लागत नाही, जमत असेल तर तीच.

आता हिशोब करू. दवाखान्याची एक रात्र दहा तासांची धरा. ९ वॅटचे चार एलईडी आणि ३० वॅटचा एक बीएलडीसी (कमी वीज खाणारा) पंखा, झाले ६६ वॅट, दहा तासांचे ६६० वॅट-तास म्हणजे पाऊण युनिटच्या आत. १२ व्होल्ट १५० एएच (अँपिअर-अवर) ची बॅटरी म्हणजे १२ गुणिले १५०, कागदावर १.८ युनिट, पण लेड ॲसिड निम्म्याच्या खाली उतरवायची नाही म्हणून हातात ०.९. इन्व्हर्टरमध्ये थोडी जाते ती धरूनही एका बॅटरीत रात्र निघते. आता याच बॅटरीवर कोणी ऑक्सिजन कॉन्सन्ट्रेटर, म्हणजे हवेतून ऑक्सिजन वेगळा काढणारं मशीन, लावलं तर? ५ लिटरवालं मशीन साधारण ३५० वॅट खातं, दहा तासांत साडेतीन युनिट. म्हणजे त्या एका मशीनसाठीच वेगळ्या चार-पाच बॅटऱ्या. ही गोष्ट न सांगता मशीन दान करणारे भेटतात तेव्हा डोकं फिरतं. रात्री तीनला बॅटरी बसते आणि पेशंटच्या नाकात नळी तशीच. कॉन्सन्ट्रेटर ठेवायचा तर शेजारी भरलेला सिलिंडर पाहिजेच.

वॉर्मर ६०० वॅटच्या वर, ऑटोक्लेव्ह त्याच्याही दुप्पट-तिप्पट. हे बॅटरीवर टाकायचं नाही, दिवसा ऊन असताना किंवा बाहेरून येणाऱ्या लाईनवर चालवायचं. म्हणून मी नेहमी दोन सर्किट वेगळे करतो. एक "जीवाचं", लेबर रूमचे दिवे, सक्शनचा (बाळाच्या नाकातोंडातली घाण ओढायच्या मशीनचा) प्लग, बाहेरचा एक दिवा. दुसरं बाकी सगळं. जीवाच्या सर्किटवर सॉकेट कमीत कमी ठेवायचे, कारण सॉकेट दिसला की कोणीतरी मोबाईल लावतो, मग कोणीतरी चहाची किटली लावतो, मग इस्त्री. नियम लिहून भिंतीवर लावून काही होत नाही, सॉकेटच नको.

लसीच्या फ्रीजसाठी बॅटरीच्या नादाला लागू नका. आइस लाइन्ड फ्रीज मिळतो, आत बर्फाचं अस्तर असतं, दिवसाला आठ तास वीज मिळाली तरी भागतं, आणि बाहेर ४३ अंश असताना सुद्धा वीज गेल्यावर २० तास तरी थंड राहतो, झाकण उघडझाप केली नाही तर. आठ तास पण मिळत नसतील तर सोलर डायरेक्ट ड्राइव्ह, पॅनलवर सरळ चालतो, बॅटरीच नाही, दिवसा बर्फ करून ठेवतो आणि ढगाळ असलं तरी तीन दिवस काढतो. ऐकायला साधं आहे पण बॅटरी काढून टाकल्यामुळे निम्म्या कटकटी गेल्या.

आणि लाईन असेल तर व्होल्टेज मोजा. लाईट जाण्यापेक्षा डाऊन येण्याने जास्त नुकसान होतं, कॉम्प्रेसर घुं घुं करत तापतो आणि जळतो. स्टॅबिलायझर आणि अर्थिंग, यावर खर्च करायला कोणी तयार नसतं कारण फोटोत दिसत नाही. डिझेल जनरेटर फक्त मागे उभा ठेवायला, मुख्य म्हणून नको. डिझेल संपलेलं असतं किंवा दुसऱ्याच गाडीत गेलेलं असतं.

रात्रपाळी

नाना, किटलीचं अगदी खरं आहे, आमच्याकडे ती मीच लावायचे. माफ करा.

बाहेरचा एक दिवा म्हणालात त्याला माझे शंभर मार्क. रात्री लांबून लोकांना दवाखाना चालू आहे हे त्या दिव्यावरून कळतं. आणि रात्रपाळीला एकट्या बाईला अंगणातून संडासापर्यंत जायचं असतं, ते कोणी लिहीत नाही. नर्स त्या गावात राहते की रोज संध्याकाळच्या गाडीने परत जाते, हे बऱ्याचदा क्वार्टरमध्ये पंखा चालतो का यावर ठरतं.

कोरी पाटी, बजेट फारच लहान असेल तर एक सांगते. २००८ मध्ये लॉरा स्टॅचेल नावाच्या अमेरिकन बाळंतपणाच्या डॉक्टर नायजेरियात एका हॉस्पिटलमध्ये बायका का दगावतात हे बघायला गेल्या होत्या, आणि ऑपरेशन चालू असताना लाईट जाते हे बघून हादरल्या. त्यांच्या नवऱ्याने, हॅल एरन्सन, सुटकेसमध्ये मावेल असा सोलरचा संच बनवून दिला, दिवे, फोन चार्जिंग, बाळाच्या हृदयाचे ठोके ऐकायचं डॉप्लर, बस्स. आता ती सोलर सुटकेस बऱ्याच देशांत आहे. सांगायचा मुद्दा, अख्ख्या इमारतीचं सोलर जमलं नाही तरी प्रसूतीच्या खोलीपुरतं जमतं, आणि तिथून सुरुवात केली तर काही चुकत नाही.

कोरी_पाटी

बापरे, इतकं अपेक्षित नव्हतं, धन्यवाद सगळ्यांना. ग्रुपवर लिंक टाकली, टीव्हीवाल्यांपैकी दोघं गप्प झालेत, एकजण अजून म्हणतोय की निदान बत्तीस इंची घेऊ. सध्या असं ठरतंय, दवाखान्यात लेबर रूमचं वेगळं सर्किट, लिथियमची बॅटरी आणि थोडे पॅनल. शाळेत पाण्याची मोटर, दिवे, पंखे. टीव्ही पुढच्या वर्षी, तोपर्यंत हे टिकलं तर. आणि जमवलेल्या पैशातला पाचवा हिस्सा आत्ता खर्चच करायचा नाही, बँकेत ठेवायचा बॅटरी आणि दुरुस्तीसाठी. बरोबर का नाना?

वायरमन_नाना

पाचवा कमी पडेल, चौथा ठेवा. आणि खात्यावर तुमच्यातल्या कोणाची सही नको, गावातल्या दोघांची ठेवा, एक शाळेतला आणि एक दवाखान्यातला. तुम्ही तीन वर्षांनी फोन उचलाल की नाही कोणाला माहीत, राग मानू नका.

पॅनल कुठं बसवणार ते पण बघून घ्या. झाडाची सावली एका पॅनलच्या कोपऱ्यावर पडली तरी त्याला जोडलेली पॅनलची अख्खी रांग बसते. उन्हाळ्यात जाऊन बघाल आणि थंडीत सूर्य खाली आला की सावली येईल, तेव्हा झाड तोडायला गाव तयार नसतं, आणि तोडूही नये.

जुना_मास्तर

आणि एक सुचवू का, काहीही विकत घ्यायच्या आधी दोन्हीकडे एकेक वही ठेवा. तारीख, लाईट किती वाजता गेली, किती वाजता आली, डाऊन होती का. महिनाभर. शाळेतली वही सातवीच्या पोरांना द्या, ती एक मिनिट इकडे तिकडे होऊ देणार नाहीत, वर त्याचा आलेख काढायला लावला की गणिताचा एक धडा पण उरकतो.

आकडेमोड्या

मास्तर हा आयडिया एक नंबर. नानांचा बॅटरीचा सगळा हिशोब त्याच वहीवर उभा राहील, नाहीतर दहा तासांची रात्र हा अंदाजच राहतो. कोरी पाटी, महिन्याने ते आकडे इथं टाका, मी बसतो हिशोबाला.

कोरी_पाटी

डन. शनिवारी जातोय, वह्या घेऊनच जातो. शाळेचं ठीक आहे पण दवाखान्यातली रात्रीची नोंद कोण करणार, तिथं तर एकच सिस्टर आहेत.

रात्रपाळी

त्यांनाच सांगा, पण वहीबरोबर एक चांगला, चार्जिंगचा, डोक्याला बांधायचा टॉर्च पण न्या त्यांच्यासाठी. सोलर येईल तेव्हा येईल, या महिन्यात पण बाळंतपणं होणारच आहेत.